फवारल्यावर किती दिवसांनी?

फवारणीवाला गच्चीवर आला तेव्हा काकू पूजेला बसल्या होत्या, म्हणून त्यांना सांगायचं राहिलं, असं आमच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी अजून सांगतो. खोटं आहे. मी शब्दकोडं सोडवत होते. देवाला त्यात ओढायचं काही कारण नाही. घराचं दार उघडं होतं, मी दारासमोरच बसले होते आणि पाठीवर पंप घेतलेला माणूस माझ्यासमोरून जिना चढून गेला. मला वाटलं, टाकी धुवायला आला असेल.

दहा वाजता मी पाण्याची झारी घेऊन वर गेले, तर माझ्या बावीसच्या बावीस कुंड्या ओल्या. भेंडीच्या पानांवर दुधट थेंब, वांग्यावर थेंब, घेवड्याच्या कोवळ्या शेंगांवर थेंब. त्या माणसाच्या नाकाला साधा रुमालही नव्हता. काय मारलंस म्हणून विचारलं तर त्याने बाटली दाखवली. तिच्यावरचा कागद भिजून निम्मा गेला होता, उरलेल्यावर नुसतं एक हिरवं पान छापलेलं. मग मी त्याला माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये विचारलं, की फवारल्यावर किती दिवसांनी ही भाजी खायची?

"तोळेदु तिन्नी अम्मा, एनू आगल्ला," तो म्हणाला. धुऊन खा, काही होत नाही.

मी तीस वर्षं सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. तेल तपासलं, बॉयलरचं पाणी तपासलं. 'काही होत नाही' असं मी एकाही अहवालात लिहिलं नाही, आणि लिहिलं असतं तर साहेबांनी तो कागद माझ्या तोंडावर फेकला असता. किती, कधी, कशाने, एवढं तरी सांगता आलं पाहिजे. त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं, तर तो मला काय सांगणार? माझा राग त्याच्यावर नव्हता. मी तशीच खाली उतरून सेक्रेटरीच्या दारात उभी राहिले.

हा सेक्रेटरी पुण्याचा. वय पस्तिशीच्या आत-बाहेर, कॉम्प्युटरमधली नोकरी, तिसऱ्या मजल्यावर बरोबर माझ्या कुंड्यांच्या खाली घर. जे. पी. नगरमधल्या आमच्या बारा घरांच्या बिल्डिंगमध्ये आमच्याखेरीज मराठी बोलणारं हे एकच घर, त्यामुळे भांडण निदान मातृभाषेत होतं. त्याच्या बाल्कनीत एक जास्वंद आहे. तिच्यावर पिठ्या ढेकूण पडला होता. हा किडा म्हणजे कापसाचा पुंजका दिसावा तसा पांढरा, चिकट, देठाला गच्च बसून रस पिणारा. तो माझ्या भेंडीवरून त्याच्या जास्वंदीवर उतरला असं त्याचं म्हणणं. असेलही. मी नाही म्हटलं नाही. त्याने कंत्राटदार बोलावला आणि जास्वंदीसकट सगळी गच्ची फवारून घेतली. मी माझा प्रश्न विचारला. त्याने कंत्राटदाराला फोन लावला, दोन मिनिटं बोलला आणि मला म्हणाला, की सेफ आहे. किती दिवसांनी सेफ, असं मी विचारलं. तेवढं त्याने विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मी झाडावरची एकूण एक भेंडी, वांगं, शेंग तोडली आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. कोवळी भेंडी टाकताना हात चालेना. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

या कुंड्यांचं मला एवढं काय, ते सांगून टाकते. कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आमच्या घरामागे पंधरा पावलांची जमीन होती. सत्तावीस वर्षं मी तिथे भाजी लावली. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचं ठरलेलंच होतं, तेव्हा तिथली माती गोण्यांत भरून मी इकडे आणली. सामानाच्या टेम्पोवाल्याने माती बघून कपाळावर हात मारला होता. या शहरात माझ्या मालकीची जमीन म्हणाल तर तेवढीच, बावीस कुंड्यांत वाटलेली.

त्या रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. मी उभी राहून पुन्हा तोच प्रश्न विचारला. सगळे सेक्रेटरीकडे बघायला लागले, सेक्रेटरी फोनकडे. मग तो म्हणाला, "काकू, पर्सनली घेऊ नका. पण टेरेस कॉमन एरिया आहे, आणि तुमचं ते ऑरगॅनिक वगैरे ठीक आहे, पण रिझल्ट दिसला पाहिजे ना?"

ऑरगॅनिक हा शब्द मी काढलाच नव्हता. नैसर्गिक म्हटलं की सगळं निरुपद्रवी, असं मानणाऱ्यांतली मी नाही. तंबाखूचं पाणीही नैसर्गिकच असतं. क्वार्टर्समध्ये एक आंध्रची शेजारीण ते सर्रास मारायची आणि मी तिला कधी माझ्या वाफ्याजवळ फिरकू दिलं नाही. मला हवं होतं ते एवढंच, की झाडावर काय पडलं ते मला ठाऊक असावं आणि ते मला माझ्या जिभेवर ठेवता यावं.

ठराव असा झाला: मेच्या पहिल्या रविवारी कमिटी गच्चीवर येईल. तोवर फवारणी नाही. त्या दिवशी कुंड्यांवर पांढरा किडा दिसला, तर कुंड्या गच्चीवरून हलवायच्या आणि कंत्राटदाराला महिन्याच्या महिन्याला बोलवायचं. शेजारी बसलेले आमचे हे माझा पदर ओढत होते. ठराव वाचून संपायच्या आत मी हो म्हणून बसले.

फेब्रुवारी संपत आला होता. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. पहिलं काम मुंग्यांचं. पिठ्या ढेकणाच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, तो खायला मुंग्या येतात आणि त्या बदल्यात त्याला राखतात, इकडून तिकडे नेऊन ठेवतात. मुंग्या चढू दिल्या तर बाकी सगळं फुकट. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला अजून कोळशाची इस्त्री वापरतो. त्याच्याकडून मी राख आणायला लागले आणि प्रत्येक कुंडीभोवती तिचं कडं घालू लागले. मग जुना टूथब्रश रिठ्याच्या पाण्यात बुडवून देठ न् देठ घासायचा. चार दिवसांनी लसूण-मिरची वाटून, रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून त्याचा फवारा. आठवड्याने रिठ्याच्या फेसात घुसळलेलं कडुनिंबाचं तेल, तेही ऊन उतरल्यावर. यातली निम्मी विद्या क्वार्टर्समधली. तिथे भिंतीला भिंत लागून पाच प्रांतांच्या बायका होत्या आणि कीड सगळ्यांची एकच होती.

लसणाच्या वासाची तक्रार बिल्डिंगच्या ग्रुपवर आली. जिन्यात कोणी वडे तळतंय का, असं एकाने विचारलं.

मार्च संपेपर्यंत कीड निम्म्यावर आली. पण निम्मी म्हणजे शून्य नव्हे, आणि ठरावात शून्य होतं. माझ्याकडे अजून एक अस्त्र शिल्लक होतं, आंबट ताक. आठ दिवस आंबवलेलं ताक दहापट पाण्यात फवारलं की मऊ अंगाच्या किडीला ते सोसत नाही, हे मी क्वार्टर्समध्ये पाहिलेलं. पण दोघांच्या घरात ताक उरणार किती? जे उरतं ते आमचे हे पिऊन टाकतात.

आणि रामनवमी आली. आमच्या तळमजल्यावर एक अक्का राहतात. वयाने माझ्याएवढ्याच, याच गल्लीत जन्मलेल्या. मी त्यांना अक्का म्हणते, त्या मलाही अक्काच म्हणतात. दर रामनवमीला त्या फाटकाशी टेबल मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला गुळाचं पानक, भिजवलेल्या डाळीची कोसंबरी आणि मज्जिगे देतात. मज्जिगे म्हणजे पातळ ताक, आलं, मिरची, कोथिंबीर, हिंग घातलेलं. त्या वर्षी दुपारी आभाळ भरून आलं, माणसं कमी फिरकली आणि संध्याकाळी स्टीलची एक बादली भरून मज्जिगे उरलं. अक्का ते मोरीत ओतायला निघाल्या होत्या. मराठी बाईच्या डोळ्यांदेखत कोणी बादलीभर ताक मोरीत ओततं आहे, हे मला बघवेना. शिवाय मनात आलं, यात मिरची आहे, आलं आहे, हिंग आहे. अर्धा मसाला आयताच पडला आहे. मी बादली वर नेली, झाकली आणि टाकीच्या सावलीत आठ दिवस ठेवली.

एरवी मी दहापट पाणी घातलं असतं. पण हे मुळातच पातळ, म्हणून पाणी घातलं नाही. एरवी मी एका कुंडीवर आधी मारून दोन दिवस थांबले असते. पण एप्रिलचा पहिला आठवडा सरला होता, म्हणून थांबले नाही. तीन संध्याकाळी ओळीने फवारलं आणि तळाशी उरलेलं घट्ट ताक घेवड्याच्या मुळाशी ओतलं.

पाचव्या दिवशी घेवड्याच्या पानांच्या कडा करपल्या. सातव्या दिवशी पानं कागदासारखी वाजायला लागली. मी आधी उन्हाला बोल लावला, मग टँकरच्या पाण्याला. मग एक सुकलेलं पान तोडून, काय सुचलं कोण जाणे, मी जिभेवर ठेवलं. खारट लागलं.

मीठ. तीस वर्षं मी बॉयलरच्या पाण्यातले क्षार मोजले. एवढ्याशा क्षाराने लोखंडी नळ्या खराब होतात म्हणून इंजिनियरांशी भांडले. आणि बादलीभर ताकात मीठ असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्या घरी ताक बिनमिठाचं असतं. ज्याला हवं तो पानातलं मीठ चिमटीने घालून घेतो. तेवढ्या सवयीवर मी अख्खी बाग मारली होती. रागाच्या भरात मी अक्कांना जाब विचारायला गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "उप्पिल्लदे मज्जिगे माडतारा, अक्का?" मिठावाचून कोणी मज्जिगे करतं का?

घेवडा सगळा गेला. वांग्याची तीन झाडं गेली. उरलेल्या कुंड्यांतलं मीठ धुऊन काढायला पाणी हवं होतं, आणि एप्रिलात आमच्याकडे पाणी टँकरने येतं. मग मी भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी साठवायला लागले. दुसऱ्या दिवशी बघते तर अक्कांच्या घरातलं तसंच पाणी भरलेली तीच स्टीलची बादली आमच्या दाराशी. रोज दोन मजले बादल्या चढवायच्या, ओतायच्या, निचरा होऊ द्यायचा. झाडं आधीच अर्धमेली, तेव्हा त्यांच्यावर आणखी काही मारायची माझी छाती झाली नाही. लसूण बंद, तेल बंद. फक्त राखेचं कडं ठेवलं. सेक्रेटरी एकदा वर येऊन बघून गेला आणि हळहळला. त्याचं हळहळणं खरं होतं, म्हणूनच मला जास्त लागलं. यांनी रात्री जेवताना सुचवलं, की आपणच मीटिंगच्या आधी कुंड्या उतरवून टाकू, निदान मान राहील. मी त्यांना सांगितलं, मान राहिला तरी मी तो कशात लावू?

दोन आठवड्यांनी, मीटिंगला आठ दिवस उरलेले असताना, भेंडीवर पुन्हा पांढरं दिसलं. आणि तेही आधीपेक्षा मोठं, अंगावर लांब लांब पांढऱ्या झिपऱ्या असलेलं. मी बोटांनीच चिरडायला सुरुवात केली. सात-आठ चिरडले असतील, तेवढ्यात नववा माझ्या बोटाखालून चालायला लागला. तुरुतुरु. पिठ्या ढेकूण असा चालत नाही. तो बसला की बसला.

मी खाली जाऊन माझं जुनं भिंग आणलं, निवृत्त होताना प्रयोगशाळेतल्या मंडळींनी दिलेलं. भेंडीच्या पेराशी डोळा लावून बसले. तो झिपऱ्यांवाला किडा पिठ्या ढेकणाच्या पुंजक्यात तोंड खुपसून खात होता. शेजारी आणखी दोन खात होते. वरच्या पानावर एक छोटा काळा भुंगेरा बसला होता, डोकं तांबूस, टिकलीएवढा. ही त्याचीच पिल्लं. आई काळी आणि पिल्लं थेट शत्रूच्या वेषात. कुठून आली, मागच्या परसातल्या पेरूवरून की आणखी कुठून, मला माहीत नाही. एवढं मात्र कळलं, की माझ्या लसणाच्या आणि तेलाच्या माऱ्यात ती कधी टिकली नसती. मी हरून हात टेकले म्हणून ती आली होती. आणि मी त्यातली आठ मारली होती.

हे कबूल करायला मला आवडत नाही, पण खरं आहे ते आहे.

मेच्या पहिल्या रविवारी कमिटी वर आली, म्हणजे सेक्रेटरी आणि अक्का. मी काहीही लपवलं नव्हतं. करपलेल्या घेवड्याच्या कुंड्याही जागच्या जागी होत्या. सेक्रेटरी तिसऱ्याच कुंडीशी वाकला आणि सरळ झाला. त्याला वाईट वाटत होतं ते दिसत होतं.

"काकू, हे बघा. व्हाइट आहे. आपलं ठरलं होतं."

मी त्याच्या हातात भिंग दिलं आणि बघ म्हटलं. त्याने नको नको करत डोळा लावला. मग बराच वेळ काढलाच नाही. अक्कांनी त्याच्या हातून भिंग घेतलं, पाहिलं आणि कोणालाच उद्देशून नाही अशा बोलल्या, "हुळाना हुळाने तिन्ता इदे." किड्याला किडाच खातोय.

सेक्रेटरी म्हणाला, की हे इंटरेस्टिंग आहे, पण ठरावात पांढरा किडा असं लिहिलं आहे, कोणता ते लिहिलेलं नाही. मी म्हटलं, मग ठराव चुकीचा लिहिला आहे. मी शेजारच्या कुंडीतल्या वेलावरची काकडी तोडली, पदराला पुसली, मधोमध मोडली, अर्धी मी खाल्ली आणि अर्धी त्याच्यापुढे धरली. तो धुवून घेऊ का म्हणाला. मी म्हटलं, घे की, पण आधी मला सांग, तुझ्या जास्वंदीचं एक पान तू आत्ता असं चावून दाखवशील का? अक्कांनी त्याच्यासमोरून काकडीचा तुकडा उचलला आणि सरळ खाऊन टाकला. मग मी दुसरी तोडून दिली, ती त्याने न धुता खाल्ली.

त्याने मला दसऱ्यापर्यंत मुदत देऊ केली. तसा कागदही आणून दिला. मी त्याच्यावर सही केली नाही. मुदत आरोपीला देतात. मी कागदाच्या पाठीवर माझा प्रश्न लिहिला, की फवारल्यावर किती दिवसांनी, आणि खाली लिहिलं, की ज्या दिवशी याचं उत्तर मिळेल त्या दिवशी मी स्वतः कुंड्या उतरवीन. तो कागद परत आला नाही. कुंड्या जिथे होत्या तिथे आहेत.

जुलैच्या एका सकाळी बेल वाजली. दारात सेक्रेटरी, हातात जास्वंदीची कुंडी. मेनंतर कंत्राटदाराने त्याच्या बाल्कनीत फवारा मारला होता आणि पिठ्या ढेकूण पुन्हा पांढराफेक उभा होता. फांद्यांवरून मुंग्यांची रांग चाललेली. त्याने जरा इकडेतिकडे केलं आणि मग विचारलं, की काकू, तुमच्यातले दोन-चार किडे मिळतील का?

मला हसू आलं होतं, ते मी त्याला दाखवलं नाही. मी दारातच उभी राहिले.

"शेवटचं फवारून किती दिवस झाले?"

मला वाटलं, आता फोन बघेल. त्याने फोनला हात लावला नाही.

"एकवीस."

"नक्की?"

"मोजलेत, काकू. तुम्ही विचारणार माहीत होतं."

एकवीस दिवस पुरतात का, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? पण माझी पिल्लं मी अंदाजावर त्याच्या जास्वंदीवर सोडणार नव्हते. मी त्याला आणखी दहा दिवस थांबायला सांगितलं, रोज पानं साध्या पाण्याने धुवायला सांगितलं आणि आतून डबाभर राख आणून दिली. कुंडी काखेत धरून, राखेचा डबा दुसऱ्या हातात घेऊन तो जिन्याकडे वळला.

"म्हणजे एकतीस," तो म्हणाला. "लिहून ठेवतो."